ताई, तुमचं वजन

ताई, काल तुमचं तेरावं झालं. पंगती नीट उठल्या. पुऱ्या मऊ होत्या, बासुंदीत साखर हात सैल सोडून पडली होती, आणि वरण इतकं पातळ की तुम्ही असतात तर आचाऱ्याला तिथंच गाठून म्हणाला असतात, बाबा, यातली डाळ मला दाखव. मी पुढचं ताट वाढायला घेतलं. तेराव्याच्या पंगतीत धाकट्या जावेनं आचाऱ्याशी भांडू नये, एवढं मला कळतं. तुम्हाला ते कधी कळलं नाही, आणि त्यासाठीच तुम्ही मला आवडायच्या.

इतके दिवस घरात माणसांचा राबता होता. येणारी प्रत्येक बाई आधी डोळे पुसायची, मग माझ्याजवळ सरकून, आवाज खाली आणून तेच विचारायची. इतकी कसरत करायच्या, इतकं जपून खायच्या, मग असं कसं झालं? विचारणं कसलं, टोमणेच ते. पलीकडच्या काकूंनी तर निकालच देऊन टाकला की बाईच्या जातीनं लोखंड उचलायचं नसतं, आत काहीतरी तुटलं असणार. शिवाय अंडी. ती उष्ण पडतात म्हणे. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आत निघून गेले. आत जाऊन तुमच्या रिकाम्या पलंगाला चार शब्द सुनावले, कारण राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. खरं सांगू? तोच प्रश्न मलाही पडला आहे. फक्त तो मी काकूंच्या तोंडून ऐकून घेणार नाही.

सगळं सुरू झालं आईंच्या पडण्यापासून. आपल्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्या पलंगाला खिळल्या त्या खिळल्याच. त्यांना उठवणं, बसवणं, खुर्चीवर नेणं आपल्या दोघींकडे आलं. कामाला लावलेल्या बाया टिकेनात. आईंचे पाय गेले होते, जीभ जागेवर होती. तुम्ही खांद्याकडून धरायच्या, मी पायांकडून. महिनाभरात माझी कंबर धरली आणि तुमचा खांदा. आईंना व्यायाम शिकवायला जी मॅडम यायची, तिनं एक दिवस आईंना बाजूला ठेवलं आणि आपल्या दोघींनाच खुर्चीवर बसवून, हात न टेकता उठायला सांगितलं. तुम्ही कण्हत का होईना, उठलात. मी अर्ध्यातून परत बसले. पडल्या पडल्या आईंना हसू आलं.

मॅडमनं काय सांगितलं ते तुम्ही पुढं येईल त्याला इतकं ऐकवलंत की मला पाठ आहे. चाळिशीनंतर अंगातलं मांस झिजत जातं, बायकांचं तर पाळी जाता जाता जास्तच. ते टिकवायचं तर वजन उचलायचं आणि रोजच्या जेवणात प्रोटीन घ्यायचं. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्यानं भागत नाही. मी ऐकून सोडून दिलं. तुम्ही सोडलं नाही. त्या संध्याकाळी आईंची चादर बदलताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "वर्षा, मले कोनाच्या हातानं उठाचं नाही. जाईन तवा जाईन, पन तवरोक माझ्या पायावर उठीन."

मी म्हटलं, ताई, कुणी ना कुणी कुणाला तरी उचलतंच. आपण नाही का आईंना उचलत? तर तुम्ही म्हणालात, म्हणूनच. हा आपला वाद. पुढची सगळी वर्षं तो आपण निमित्त सापडेल तसा घालत राहिलो. तुम्हाला कुणावर भार व्हायचं नव्हतं, आणि मला वाटायचं की माणूस एवढं ताठ असू नये. दोघीही आपापल्या जागी हटून होतो.

सुरुवात तुम्ही वरणापासून केलीत. खाली आपलं धान्याचं दुकान, तूर, मूग, हरभरा, पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या. आणि वर घरात रीत अशी की आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग आपण. तोवर डाळ त्यांच्या ताटांत गेलेली असायची आणि आपल्या वाट्याला पाणी घालून वाढवलेलं वरण. एक दिवस तुम्ही वाढायच्या आधीच घट्ट डाळीच्या दोन मोठ्या वाट्या बाजूला काढल्यात, सगळ्यांदेखत. म्हणालात, दुकानात डाळीची पोती आणि घरच्या बाया पाणी पिऊन राहतात, ही कुठली दुकानदारी? भाऊंनी, म्हणजे तुमच्या नवऱ्यानं, ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तर तुम्ही मला हात धरून त्यांच्याच पंगतीला बसवलंत.

माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हाला माहीत होतं. आपण मराठी, पण या गावात राहून हिंदीवाल्यांची रीत आपल्यात उतरली. मोठ्या दिराला जेठ म्हणायचं आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी भाऊंशी थेट बोलले नव्हते. त्यांना चहा हवा का, हेसुद्धा मी तुमच्याकडून विचारून घ्यायची. त्या दिवशी पदर सावरत, भिंतीकडे तोंड करून जेवले. पण घट्ट वरण जेवले. वर तुम्ही मोड आलेल्या मुगाची वाटी सरकवलीत आणि भाजलेले शेंगदाणे. आमचे हे शाळेत मास्तर, त्यांना सगळ्यात बोलायचं असतं. ते म्हणाले, वहिनी, घरात पैलवान तयार करताय का? तुम्ही म्हणालात, हो, आणि तुमच्या ताटातली वाटीही मोठी करतेय, पोट सुटलंय तुमचं.

मग आली वजनं. दुकानात इलेक्ट्रिक काटा आल्यापासून जुनी लोखंडी मापं जिन्याखाली पडून होती. ती आपण एकेक करून गच्चीवर नेली. दहा किलोच्या मापाला वर धरायला कडी होती. ते दोन्ही हातांत छातीशी धरायचं, गुडघ्यांतून खाली बसायचं, पाठ सरळ ठेवून उठायचं. पाच किलोच्या मापाला कडी नव्हती, ते कापडी पिशवीत घालून वाकून कोपर मागे ओढायचं. मॅडम एकदा येऊन बघून गेली, बायांनो, सावकाश, एवढंच म्हणाली. भाऊंना मापं हलल्याचं लगेच कळलं. तो माणूसच वजनाचा. पोत्याचा कोपरा नुसता उचलून आत किती कमी भरलंय ते सांगणारा, तुमच्या माहेराहून, डोईफोडियाहून तूप आलं तरी आधी काट्यावर ठेवणारा. वाईट मनानं नाही, हातालाच सवय. ते गच्चीच्या दारापर्यंत आले, तुम्हाला माप उचलताना पाहिलं, खाली ठेवताना फरशी फोडू नको म्हणाले आणि परत गेले. घरातून परवानगी मिळाली ती एवढीच.

अंड्यांची गोष्ट आठवली की मला आजही हसू येतं, आणि हसले की लगेच रडू येतं. आपल्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं आणलं नव्हतं. मॅडम म्हणाली, डाळी खाताच आहात, दूध-दही घ्या, जमलं तर अंडं घ्या. जमलं तर, हे तुमच्यापुढं कुणी म्हणू नये. आपल्या शनवारा मोहल्ल्यात सगळे ओळखीचे, म्हणून तुम्ही तोंडाला ओढणी बांधून थेट पलीकडच्या लोधीपुऱ्यात गेलात आणि स्टीलच्या डब्यात अंडी घेऊन आलात. दुकानदारानं ओळखलंच. म्हणाला, भाभीजी, सेठजी को नमस्ते बोलना. अंडी उकडायची ती गच्चीवर, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून आपण चोरासारख्या कोपऱ्यावर टाकून यायचो. पहिलं अंडं मी नाक धरून गिळलं. तुम्ही मात्र मीठ-मिरपूड लावून, चवीनं.

आईंनाही प्रोटीन हवं, म्हणून तुम्ही पांढरं कुस्करून त्यांच्या मऊ भातात मिसळलंत आणि पनीर आहे म्हणून सांगितलंत. आईंनी एक घास खाल्ला. मग म्हणाल्या, "पनीरले असा वास नसतो येत. मले समजतं. दे, पन देवाच्या खोलीकडचं दार लाव पयले." ते दार त्यानंतर रोज लावलं जायचं. आईंच्या अंगावर थोडं मांस दिसायला लागलं, त्यांना आधाराला धरून उभं करता यायला लागलं, आणि त्याबद्दल घरात कुणीही अवाक्षर काढलं नाही. आपल्याकडे मान्य करायची हीच पद्धत.

स्टँडजवळ नवी जिम उघडली तेव्हा आपण ती बघायला गेलो. आत आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि सगळी कॉलेजची मुलं. आपल्याला आंटी म्हणून त्यांनी खुर्ची दिली आणि प्रोटीनच्या पावडरीचा भला मोठा डबा दाखवला. तुम्ही झाकण उघडून वास घेतलात आणि म्हणालात, आमच्या दुकानात सातू याहून ताजा आहे. तिथून निघून आपण मावा-जिलबी खाल्ली. मी म्हटलं, ताई, हे कशात बसतं? तर म्हणे, मावा म्हणजे दूधच ना? दुधात प्रोटीन असतं. नियम तुमचे आणि पळवाटाही तुमच्याच.

पण मला काय मिळालं ते कधी नीट सांगितलं नाही मी. त्या वर्षांत माझी पाळी जात होती. कारण नसताना रडायचे, जिना चढताना कठड्याला धरायचे, कुणी हाक मारली तरी अंगावर काटा यायचा. माझं अंग म्हणजे कामाला जुंपलेलं काहीतरी होतं, दुखलं की तेवढं आठवायचं. उन्हाळ्यात सकाळी सहाला फरशी तापायला लागायची, त्याआधी आपण वर असायचो. आजूबाजूच्या गच्च्यांवर पापड वाळत घालणाऱ्या बाया माना वळवून बघायच्या. सुरुवातीला मला लाज वाटायची. मग एक दिवस गॅसचं भरलेलं सिलिंडर मी एकटीनं दारापासून ओट्यापर्यंत आणलं आणि आमचे हे बघत राहिले. मला आतून इतकं बरं वाटलं, ताई, की त्या दिवशी तुमच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. आपल्यात तसं काही बोलायची सवय नव्हती.

आता तो भाग, जो मला लिहायचा नाही.

गेल्या वर्षी श्रावण लागला आणि नेहमीसारखं गच्चीवरचं पातेलं पालथं पडलं. अंडी खाणाऱ्या आपण, पण श्रावणात नाही; तेवढा देव आपल्यातही शिल्लक होता. उपास तर होतेच, सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. साबुदाणा, भगर, बटाटा. तुम्हीच दरवर्षी म्हणायच्या की या एका महिन्यात वर्षाची कमाई जाते. त्यामुळं तुम्ही बारीक व्हायला लागलात तेव्हा कुणाच्याही मनात काही आलं नाही. उलट कौतुक झालं. हरतालिकेच्या पूजेला बाया तुमच्याभोवती जमल्या. याच काकू म्हणाल्या, निर्मला, काय खातेस गं, आम्हालाही सांग. तुमचे ब्लाउज मी दोन्ही बाजूंनी आत घेतले. ते घालून तुम्ही आरशापुढं वळून बघितलंत, आणि तुमच्या तोंडावर समाधान होतं.

दहाचं माप तुमच्यानं उठेना. तुम्ही म्हणालात, श्रावण आहे, ताकद येणार कुठून? श्रावण संपला तर गणपती बसले. घरात गणपती असताना अंडी कशी आणायची? मग गौरी आल्या. मग पितरांचा पंधरवडा, त्यात तर नाहीच नाही. मग घट बसले. दर वेळी आपण पुढचा सण सरायची वाट पाहिली. अशक्तपणा, मळमळ, पाठीतली कळ, सगळं आपण पंचांगाच्या खात्यावर टाकत गेलो. दसरा होऊ दे, म्हणायच्या, मग बघ कशी भरून येते मी. कुणीही आपल्याला खोटं सांगितलं नव्हतं. आपल्याकडे असंच असतं, म्हणून ते खरं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही लोधीपुऱ्यात जाऊन आलात. आपण अंडी उकडली. तुम्ही मीठ लावलंत, एक घास तोंडात घेतलात, बराच वेळ तो घोळवत बसलात आणि शेवटी हातावर काढून ठेवलात. उतरत नाही गं, म्हणालात. त्या दिवशी उन्हात मी तुमच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. गळ्याखालची हाडं वर आली होती, आणि डोळ्यांतलं पांढरं पिवळं पडलं होतं. दुसऱ्याच दिवशी इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि इंदूरला पाठवलं. पोटातलं, कॅन्सरचं होतं. पसरलेलं होतं.

इंदूरच्या डॉक्टरांनी एकदा म्हटलं होतं की यांचं शरीर कसलेलं आहे, म्हणून एवढी औषधं सोसली. हे वाक्य मी काकूंच्या तोंडावर फेकू शकले असते. फेकलं नाही, कारण माझंच त्यानं समाधान होत नाही. थोडे दिवस जास्त मिळाले असतील. ते दिवस कसे गेले ते मी बघितलं आहे. देवाला एवढंच विचारते की जी बाई स्वतःच्या पायावर उठण्यासाठी एवढी झटली, तिचेच पाय काढून घ्यायचे, यात तुला काय मिळालं?

तुम्ही शेवटपर्यंत झगडलात. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायच्या. मी मागं उभी राहिले की हातानं दूर सारायच्या. इंदूरच्या दवाखान्यात वजन करायच्या वेळी भाऊंना चहा आणायला पाठवायच्या, काट्यावरचा आकडा त्यांनी बघू नये म्हणून. मला मात्र खोलीत राहू द्यायच्या. मला वाटायचं, तेवढा माझ्यावर विश्वास.

आणि मग ती सकाळ. तुम्ही पलंगाच्या कडेवर बसला होतात. उठायचा प्रयत्न केलात, परत बसलात. परत केलात. मी जवळ येऊन उभी राहिले. तुम्ही बराच वेळ खाली बघत राहिलात आणि मग हात वर करून माझ्या गळ्यात घातलेत. मी पाय रोवले, पाठ सरळ केली, आईंना उचलताना लागतो तेवढा जोर लावला, आणि तुम्ही इतक्या झटकन वर आलात की माझाच तोल गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले, तुम्हाला धरून. इतकी वर्षं मला एवढी ताकद कमवायला लावलीत आणि स्वतः माझ्या हातात काहीच उरलं नसल्यासारख्या आलात. वाद कोण जिंकलं, हे तुम्हीही बोलला नाहीत आणि मीही नाही.

त्यानंतर रोज मीच उचलायची. भाऊ दाराशी येऊन उभे राहायचे. तुमच्याकडे बघून म्हणायचे, मी धरू का? तुम्ही मान हलवून नाही म्हणायच्या. मला त्यांची दया यायची. आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस, स्वतःच्या बायकोला न्हाणीपर्यंत न्यायला त्याला काय जड होतं? शेवटी मी तुमच्यावर चिडले. म्हटलं, ताई, कशाला त्यांना असं दारात उभं करता? एकदा तरी धरू द्या. तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकवलेलं होतं, तिथूनच हळू म्हणालात, "त्यायच्या हाताले वजन समजतं, वर्षा. त्यायनं उचललं का त्यायले समजंल, किती रायली मी ते. तू उचल. अन् कधी इचारलं तरी सांगू नको."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

तुम्ही गेलात तेव्हा अंघोळ घालायला, हिरवी साडी नेसवायला बाया होत्याच, पण पलंगावरून जमिनीवर मीच उतरवलं तुम्हाला. नणंदबाई म्हणाल्या, एकटीनं कशी उचलतेस, थांब, कुणाला तरी बोलावू. मी थांबले नाही. पुढं तुम्हाला दारापर्यंत नेलं आणि तिथून पुरुषांनी घेतलं. आपल्याकडे बाया दाराच्या पुढं जात नाहीत. भाऊंनी उजवीकडचा पुढचा खांदा दिला. ते वळून गेले तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

आज सकाळी नणंदबाईही गेल्या. हे शाळेत गेले. तुमचा मुलगा उद्या पुण्याला निघणार, तो कागदांच्या कामाला बाहेर गेला होता. घर एकदम रिकामं झालं, आणि आईंना खुर्चीवर घ्यायची वेळ झाली. इतके दिवस कुणी ना कुणी तुमच्या जागी खांद्याकडून धरायचं. आज मी एकटीच पलंगापाशी उभी राहिले आणि तुमच्या बाजूला बघत राहिले, जिथं तुम्ही उभ्या राहायच्या. आईंनी माझ्याकडे बघितलं. आईंची जीभ तुम्ही गेलात त्या दिवसापासून गप्प होती.

तेवढ्यात दारात भाऊ आले. मी सवयीनं पदर ओढला. ते तिथंच थांबले, जमिनीकडे बघत. तुम्ही मध्ये नव्हतात, निरोप पोचवायला कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझं नाव घेऊन बोलले. "वर्षा, आईले कसं उचलता तुमी, मले दाखव."

मी दाखवलं. त्यांनी कंबरेतून वाकून, पोतं उचलतात तसा हात घातला. आई इतक्या दिवसांनी बोलल्या, पोतं नाही रे मी. मी त्यांना सांगितलं, भाऊ, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, आईंना आधी अंगाशी घ्या, मग उठा. जेठाला मी हुकूम सोडत होते, आणि ते ऐकत होते. आम्ही दोघांनी मिळून आईंना खुर्चीवर घेतलं. आईंच्या पायांवर मी चादर टाकली. भाऊ पलंगाच्या कडेवर बसले आणि आपले दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, मला एकदाही उचलू दिलं नाही तिनं. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, "शेवटी किती रायली होती ती?"

मला आकडा माहीत होता, ताई. इंदूरच्या काट्यावर मी तो माझ्या डोळ्यांनी बघितला होता, आणि त्यानंतर तो किती खाली आला तेही माझ्या हातांना ठाऊक होतं. काही सांगणार नाही म्हणून तुम्हाला शब्द दिला होता. पण तो माणूस तसा बसलेला, आणि गप्प राहिले असते तर त्यांना कळलंच असतं. म्हणून मी सांगितला, भरपूर वाढवून. श्रावणाच्या आधीचा, आरशापुढं उभ्या होतात त्याच्याही आधीचा, दहाचं माप छातीशी धरून उठायच्या तेव्हाचा.

पोत्याचा कोपरा उचलून वजन ओळखणाऱ्या आणि तुम्हाला खांदा दिलेल्या माणसाला मी हे सांगत होते. भाऊंनी माझ्याकडे पहिल्यांदा तोंड वर करून बघितलं. "असंल," म्हणाले, आणि मी दिलेलं वजन न जोखता घेतलं.